'अलिखित' राज्यघटना: संकेत, प्रघात की पायंडा?

ब्रिटनची राज्यघटना 'अलिखित' आहे असं आपण शाळेपासून वाचत आलोय. पण १६८९चा हक्कांचा कायदा, १९११ आणि १९४९चे संसद कायदे हे तर छापील आहेत. मग अलिखित नेमकं काय? आणि 'कन्व्हेन्शन'ला, म्हणजे कायदा नसूनही राज्यकारभारात पाळल्या जाणाऱ्या नियमाला, मराठीत काय म्हणावं: संकेत, प्रघात की पायंडा?

—

'अलिखित' मलाही खटकतो. बरंचसं लिहिलेलं आहे, फक्त एका ग्रंथात बांधलेलं नाही. 'असंहिताबद्ध' अचूक आहे, पण जिभेला जड. मी 'विखुरलेली राज्यघटना' म्हणतो. खरोखर अलिखित आहेत ते तिचे संकेत, आणि रोजचा कारभार बराचसा त्यांच्यावरच चालतो. पंतप्रधान खालच्या सभागृहाचाच सदस्य हवा, असं कुठलाही कायदा सांगत नाही. तरीही १९६३ साली लॉर्ड होम पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांनी वंशपरंपरागत सरदारकी सोडली आणि पोटनिवडणूक लढवून ते हाऊस ऑफ कॉमन्समध्ये आले.

आता तुमचे तीन शब्द. त्यांची क्रियापदं बघा, फरक तिथेच कळतो. पायंडा कुणीतरी पाडतं. प्रघात हळूहळू पडतो. संकेत मात्र पाळायचा असतो. राणी ॲनने १७०८मध्ये स्कॉटलंडच्या मिलिशिया विधेयकाला अनुमती नाकारली, तीही मंत्र्यांच्याच सल्ल्यावरून. त्यानंतर आजवर एकाही राजाने वा राणीने संसदेच्या विधेयकाला ती नाकारलेली नाही. नुसतं 'नाकारत नाहीत' एवढंच असतं तर मी प्रघात म्हटलं असतं. पण 'नाकारता कामा नये' असं राजासकट सगळे मानतात, म्हणून तो संकेत. 'कन्व्हेन्शन'साठी मला हाच शब्द योग्य वाटतो.

—

पण संकेत कुणी मोडलाच तर? कोर्टात जाता येतं का?

—

संकेत म्हणून नाही. १९०९मध्ये लॉर्ड्सनी, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, अर्थसंकल्प फेटाळला. त्यांनी तो अडवायचा नाही, असा संकेत होता. त्याचा निकाल कोर्टात लागला नाही. १९१०मध्ये दोन निवडणुका झाल्या आणि १९११च्या कायद्याने लॉर्ड्सचा तो अधिकारच काढून घेतला. कधी कधी संकेत मोडतो आणि त्या जागी कायदा येतो, तो असा.

—

मग २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसद संस्थगित करणं, म्हणजे तिचं अधिवेशन संपवून काही काळ कामकाज बंद ठेवणं, बेकायदा ठरवलं, ते कसं?

—

चांगलं विचारलंत. तिथे प्रश्न संकेताचा नव्हता, संसद संस्थगित करण्याच्या राजसत्तेच्या विशेषाधिकाराची मर्यादा किती, हा होता. आणि ती मर्यादा न्यायालयं कायद्याचाच भाग मानतात. अकराही न्यायाधीशांचं त्यावर एकमत झालं. उलट २०१७मध्ये याच न्यायालयाने सांगितलं होतं, की स्कॉटलंडच्या अखत्यारीतल्या विषयांवर ब्रिटिश संसदेने कायदा करताना स्कॉटलंडच्या संसदेची संमती घेण्याचा संकेत राजकारणाच्या क्षेत्रातला आहे, त्याची राखण करणं आमचं काम नाही. गंमत म्हणजे तो संकेत २०१६च्या स्कॉटलंड कायद्यात चक्क लिहिलेला होता. म्हणजे लिहून ठेवलेला संकेतही संकेतच राहिला. म्हणूनच म्हणतो, 'अलिखित' या शब्दावर फार विसंबू नका.