आवाज हळू ठेवूनही बेस गिटार खालच्या मजल्यावर का घुमते?

खर्जवेडा, ठाणे

नमस्कार. मी दीड वर्षापासून बेस गिटार शिकतो आहे आणि नोकरीमुळे सरावाला रात्री साडेआठ ते साडेनऊ एवढाच वेळ मिळतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. सरावाची खोली दहा बाय बाराची आहे; ॲम्प चाळीस वॅटचा, दहा इंची स्पीकरचा असून तो खिडकीजवळच्या कोपऱ्यात थेट फरशीवर ठेवलेला असतो. आवाज मी इतका हळू ठेवतो की बाहेरच्या खोलीत आईला तिची मालिका नीट ऐकू येते आणि तिची कधी तक्रार नसते. तक्रार आहे ती दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची. ते भांडखोर मुळीच नाहीत. उलट दोनदा वर येऊन त्यांनी अगदी संकोचाने सांगितले की गाणे असे काही ऐकू येत नाही, पण मधूनच खोली घुमते आणि मांडणीवरच्या एका स्टीलच्या डब्याचे झाकण किणकिणू लागते. माझ्या खोलीच्या बरोबर खालच्या खोलीचे त्यांनी स्वयंपाकघर केलेले आहे.

गेल्या रविवारी मी त्यांच्या मांडणीसमोर जाऊन उभा राहिलो आणि बहिणीला वर एकेक तार छेडायला सांगितले. ई, डी आणि जी या तारांना झाकण गप्प राहिले. ए तार मोकळी छेडली की ते वाजू लागे, आणि ई तारेवर पाचव्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी) बोट ठेवून तोच सूर काढला तरीही वाजे. माझ्या मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे ॲप त्या वेळी ३८ दाखवत होते, म्हणजे जवळजवळ शांतताच.

याआधी मी नऊ हजार रुपये घालून दोन भिंतींना दोन इंची फोमचे चौकोन चिकटवले. खोलीत बोलताना येणारा प्रतिध्वनी गेला, पण झाकणावर काडीचाही परिणाम झाला नाही. आता हेडफोनशिवाय मार्ग नाही, की ॲम्प ठेवूनही काही करता येईल? हेडफोनवरच सगळे भागवायचे माझ्या जिवावर येते.

अनुनाद, डोंबिवली

रविवारचा तुमचा प्रयोग अगदी योग्य होता आणि उत्तराचा मोठा भाग त्यातच दडलेला आहे. दोन वेगवेगळ्या तारांवर काढलेला एकच सूर झाकण वाजवतो, याचा अर्थ दोष तारेचा नाही आणि एकूण आवाजाचाही नाही. तो त्या एका वारंवारतेचा आहे. मोकळ्या ए तारेची वारंवारता ५५ हर्ट्झ असते. आता खोलीचे गणित पाहा. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर जेव्हा तरंगलांबीच्या निम्मे भरते, तेव्हा तो सूर खोलीत अडकून फुगतो. दहा फूट म्हणजे सुमारे ३.०५ मीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ही वारंवारता ५६ हर्ट्झच्या आसपास येते. ए तारेशी ती जवळजवळ जुळते. शिवाय ए तारेचा दुसरा स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबतच वाजणारा दुप्पट वारंवारतेचा सूर, ११० हर्ट्झचा असतो, तोही त्याच दहा फुटांत पुन्हा बसतो. आपल्याकडच्या इमारतींत खोल्या एकावर एक तशाच मापाच्या असतात, त्यामुळे तुमच्या खोलीत जो सूर फुगतो तोच खालच्या खोलीतही फुगतो. काकांच्या डब्याचे झाकण म्हणजे या अनुनादाची फुकटात मिळालेली मोजमापाची सुई आहे. ते काढून ठेवायला सांगू नका, आणखी काही दिवस ते कामाला येईल.

फोमविषयी स्पष्टच लिहितो, कारण या फसगतीतून मीही गेलो आहे. सच्छिद्र पदार्थाने ध्वनी शोषून घ्यायचा, तर त्याची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या भागाच्या आसपास तरी असावी लागते. ५५ हर्ट्झची तरंगलांबी सव्वासहा मीटर भरते, तिचा चौथा भाग दीड मीटरहून अधिक. दोन इंची फोम बोलण्यातले वरचे स्वरांश शोषतो, म्हणून तुमचा प्रतिध्वनी गेला. खर्जाला मात्र तो फोम आहे की नाही, याचा पत्ताही लागत नाही. अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही याच कारणाने सोडून द्यावा. ध्वनी अडवण्याचे काम वजन करते: भिंतीचे वजन दुप्पट केले तर ढोबळमानाने ६ डेसिबलचा फरक पडतो, आणि सहा इंची भिंतीचे वजन दुप्पट करणे म्हणजे दुसरी भिंत बांधणेच. भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून पातळ बोर्ड लावला तर मधल्या हवेचा स्प्रिंगसारखा उपयोग होऊन खर्जातला त्रास कधी कधी वाढतोसुद्धा. त्यामुळे यापुढे भिंतींवर एक रुपयाही घालू नये.

मग करण्यासारखे काय उरते? आधी ॲम्प कोपऱ्यातून काढा. कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी अशी तीन पृष्ठे मिळून खर्ज वाढवतात आणि खोलीचे सगळे अनुनाद एकदम जागे करतात. दहा फुटांच्या दिशेने ॲम्प भिंतीपासून जितका मध्याकडे सरकवाल, तितका ५६ हर्ट्झचा फुगवटा कमी होईल, कारण त्या अनुनादाचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि मध्यावर जवळजवळ शून्य असतो. खोलीच्या मध्यावर ॲम्प ठेवणे घरच्यांना रुचणार नाही हे मला ठाऊक आहे, पण तासाभरापुरते ते चालावे.

त्यानंतर ॲम्प फरशीपासून सोडवा. तो फरशीला टेकलेला असतो तेव्हा स्लॅब थेट हादरतो, आणि सिमेंटच्या सांगाड्यातून ती थरथर हवेतल्या आवाजापेक्षा सहज प्रवास करते. त्यासाठी कडक रबराचा पातळ तुकडा पुरत नाही. आधार असा हवा की ॲम्पच्या नुसत्या वजनाने तो दीड-दोन मिलिमीटर दबेल. मग ॲम्प आणि आधार मिळून त्यांची स्वतःची वारंवारता १२ हर्ट्झच्या आसपास येते आणि ४० हर्ट्झच्या वरची थरथर खाली फारच कमी उतरते. मी स्कूटरची जुनी ट्यूब अर्धवट फुगवून तिच्यावर प्लायवूडचा तुकडा टाकला आहे आणि त्यावर ॲम्प ठेवतो. दिसायला गबाळे, पण बाजारातल्या महागड्या पॅडइतकेच काम करते. हवेतून जाणारा भाग मात्र याने थांबत नाही, हे लक्षात ठेवावे.

एवढे करूनही झाकण वाजले, तर ५५ हर्ट्झलाच कात्री लावा. पॅरामेट्रिक इक्वलायझर (हवी ती वारंवारता निवडून कमी-जास्त करण्याची सोय) असेल तर त्या जागी ८ ते १० डेसिबल उतरवा. नसल्यास ॲम्पचे बेसचे बटण खाली आणून मिडचे, म्हणजे मधल्या वारंवारतांचे, थोडे वर करा. सूर ओळखू येण्यासाठी कानाला मिडच अधिक उपयोगी पडतो.

खालचा मजला, पुणे

मी वाद्य वाजवत नाही. चार वर्षे एका सबवूफरच्या (फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरच्या) खाली राहिलो, त्या अनुभवावर लिहितो.

तुमच्या ॲपवरील ३८ हा आकडा कृपया काकांना दाखवू नका. अशी ॲप बहुधा ‘ए’ भारित डेसिबल, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारा खर्ज कमी धरून काढलेला आकडा, दाखवतात (या ‘ए’चा ए तारेशी संबंध नाही), आणि त्या मापनात ५० हर्ट्झच्या आवाजातून तब्बल ३० डेसिबल वजा होतात. खर्जाचा त्रास असलेल्या माणसाला तो आकडा म्हणजे ‘तुम्हाला भास होतो आहे’ असे सांगण्यासारखे असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतही निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल या मर्यादा याच भारित मापात दिलेल्या आहेत. रात्र तेथे दहा ते सहा अशी धरली आहे, त्यामुळे तुम्ही बहुधा नियमातच आहात. पण त्याने काकांचे झाकण गप्प बसत नाही.

खर्जाची आणखी एक गोष्ट वरच्या मजल्यावरच्यांना सहसा ठाऊक नसते. ४० हर्ट्झचा सूर साधारण ५० डेसिबलच्या खाली माणसाला ऐकूच येत नाही, मात्र एकदा तो उंबरठा ओलांडला की थोड्याशा वाढीनेही तो भराभर मोठा वाटू लागतो. त्यामुळे वरच्यांनी आवाज अगदी थोडा उतरवला तरी खालच्याला एकदम सुटका झाल्यासारखे वाटते. आमच्या वरच्या गृहस्थांनी शेवटी फक्त सबवूफरचे बटण दोन खुणा मागे घेतले आणि चार वर्षांची कटकट संपली. त्यांना स्वतःला फरक जाणवलासुद्धा नाही म्हणे. एवढ्यासाठी सोसायटीच्या दोन सर्वसाधारण सभा खर्ची पडल्या होत्या.

चौथी तार, मडगाव

खोलीविषयी अनुनाद यांनी लिहिलेच आहे, मी हातांविषयी लिहितो.

पहिली सूचना अगदी स्वस्त आहे. भांडी घासण्याच्या स्पंजची बोटभर पट्टी कापून ती ब्रिजजवळ (तारा बेसच्या अंगावर जिथे टेकतात त्या पट्टीजवळ) तारांच्या खाली, तारांना हलकेच टेकेल अशी बसवा. सूर लवकर विझतो, त्यामुळे खोलीला फुगायला वेळच मिळत नाही. अनुनाद भरायला काही आवर्तने लागतातच. ही काटकसरीची क्लृप्ती आहे असे समजू नका. फेंडरने १९५१ साली बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसवर ब्रिजचे झाकण असे आणि त्याच्या आत फोमची पट्टी असे. अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांतला बेसवादक जेम्स जेमरसन यांचा तो गोल, आखूड ‘ठुम्’ फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्याच्या) तारा आणि फोम यांतूनच आलेला आहे. डग्गा वाजवणारा तळहाताच्या मनगटाकडील भागाने घुमारा आवरतो, तेच काम येथे स्पंज करतो.

दुसरी सूचना ॲम्पशिवाय सराव करण्याविषयी. बेसच्या अंगाचे वरचे शिंगासारखे टोक लाकडी कपाटाच्या दाराला टेकवून वाजवले तर दाराची फळी स्पीकरसारखी बोलू लागते आणि सूर सहज ऐकू येतो. हनुवटी शिंगावर टेकवली तर हाडांतूनही येतो. मात्र रोज असा सराव करू नये, कारण त्यात एक खोट आहे. नीट ऐकू येत नाही म्हणून उजवा हात नकळत जोर लावू लागतो, आणि न वाजवलेल्या तारा दाबून धरण्यात झालेली कसूर कानावरच पडत नाही. मी असे आठ महिने काढले. बँडमध्ये पहिल्यांदा ॲम्पला जोडून वाजवले तेव्हा प्रत्येक सुराच्या मागे दुसऱ्या दोन तारा गुणगुणत होत्या, आणि ड्रमवाल्याने वाजवणे थांबवून माझ्याकडे पाहिले. ती नजर अजून आठवते. ॲम्पशिवाय केवळ बोटांच्या जागा, स्केल आणि नव्या ओळींचे पाठांतर करावे.

हेडफोनवर जिवावर येण्यासारखे काही नाही, फक्त तो वायरचा आणि बंद कपांचा घ्यावा. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज बहुधा दीडशे मिलिसेकंद किंवा त्याहूनही उशिरा पोहोचतो. १२० च्या लयीत एका मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे तुम्ही वाजवलेला सूर पुढच्या सुराच्या जागी ऐकू येणार. ऑडिओ इंटरफेस (वाद्य संगणकाला जोडणारी पेटी) लावून संगणकावर वाजवत असाल तर बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून पुढे पाठवतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर ठेवा. तो ५१२ वर राहिला तर एकट्या बफरचाच विलंब अकरा मिलिसेकंदांच्या आसपास जातो आणि जाण्या-येण्याचा मिळून बोटांना खटकतो. आणि हेडफोनमध्ये खर्ज पोटात जाणवत नाही म्हणून आवाज चढवत नेऊ नका, कारण जाणवण्याचे ते काम कानाचे नसतेच.

श्टुटगार्टकर

येथील घरमालकांच्या करारात वाद्यवादनाच्या वेळा लिहिलेल्याच असतात, म्हणून थोडी भर घालतो. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ साली एका ट्रम्पेटवादकाच्या प्रकरणात असे म्हटले की घरात वाद्य वाजवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, आणि कामाच्या दिवशी दोन-तीन तास, रविवारी व सुट्टीच्या दिवशी एक-दोन तास हे ढोबळ प्रमाण सांगितले. मी खालच्या आजींना दर रविवारी आठवड्याच्या वेळा कागदावर लिहून देतो. त्यांच्या म्हणण्यानुसार आवाजापेक्षा तो केव्हा थांबणार हे माहीत नसण्याचाच त्यांना जास्त त्रास होत असे.

खर्जवेडा, ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी सगळे प्रयोग क्रमाने करून पाहिले. मी वर वाजवत होतो आणि काकू खालून फोनवर ‘वाजलं’, ‘नाही वाजलं’ असे सांगत होत्या. ॲम्प कोपऱ्यातून काढून पलंगाच्या पायथ्याशी, म्हणजे दहा फुटांच्या जवळजवळ मध्यावर आणला, तेव्हा झाकण वाजायचे पूर्ण थांबले नाही, पण काकूंना ते कान देऊन ऐकावे लागले. ट्यूब मिळायला दुपार झाली. तिच्यावर ॲम्प चढवल्यावर त्यांचे ‘नाही वाजलं’ सलग आठ वेळा आले. ५५ हर्ट्झला कात्री लावायची गरजच पडली नाही. स्पंज बसवला आहे, आणि तो मला इतका आवडला की आता काढावासा वाटत नाही.

साडेआठ ते सव्वानऊ ॲम्पवर आणि त्यानंतर वायरच्या हेडफोनवर असे ठरवून तसा कागद काकांना दिला आहे. त्यांनी तो त्याच मांडणीला चुंबकाने लावला.

एक नवी शंका मात्र आहे. ॲम्प हलवल्यापासून माझ्याच खोलीतील सरकत्या खिडकीची काच ए तारेच्या पहिल्या फ्रेटला, म्हणजे सुमारे ५८ हर्ट्झला थरथरते. छताची उंची साडेनऊ फूट आहे आणि गणित करून पाहिले तर तिचा अनुनादही ५९ च्या आसपास येतो. काचेच्या खोबणीत रबराची पट्टी घालून भागेल, की ॲम्प उंचावर ठेवावा?