रात्रीचं काम धरण्याआधी

भाऊ, चटईच्या कारखान्यातला पगार दोन लेकरांच्या फीला पुरत नाही, म्हणून रात्री डिलिव्हरीचं काम धरू का, असं तुम्ही विचारलंय. मी भुसावळला दोन वर्षं रात्री मेडिकलच्या दुकानात काम केलं. हातात चार हजार पडायचे. पेट्रोल, चहा-नाश्ता जाऊन अडीच उरायचे. घरी पोचेपर्यंत लेक झोपलेली असायची. ते अजून मनाला लागतं.

शेवटी ते सोडलं. आता फेब्रुवारी ते मे आम्ही घरीच उडदाचे पापड, बिबडे, कुरडया करून विकतो. आपल्याकडचं ऊन एरवी जीव घेतं, पण वाळवणाला तेच हवं. लेकरंही डोळ्यांसमोर राहतात. पावसाळ्यात मात्र हे बंद, म्हणून सगळा भार यावर टाकू नका.

डिलिव्हरीच करायची असेल तर आधी बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण. रात्री गाडी चालवणाऱ्या बापाने एवढं करायलाच हवं.

आणि डोक्यावर कर्ज असेल तर वहिनींना त्याचा खरा आकडा सांगा. माझ्या कर्जाचा आकडा मी बायकोपासून सहा महिने लपवला होता. सांगितला त्या रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली.