विळीचा विरुद्धार्थी शब्द काय?

खाडीकाठ: काल ओटीवर चौथीतल्या नातीचा अभ्यास घेत होतो. दिवस-रात्र, नफा-तोटा झालं. शेजारी मी खोबरं खवत होतो, तर म्हणते, "आजोबा, विळीचा विरुद्धार्थी?" म्हटलं, नसतो. "का नसतो?" इथे बोलती बंद! भरती-ओहोटी ही नामंच ना? मग विळीने काय घोडं मारलंय?

मागीलदार: भरती ही वस्तू नाही, पाण्याची चाल आहे. चालीला दिशा असते म्हणून उलटवता येते. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून सुटतात ते मतलई. विळीला दिशा कसली?

देवगडची सून: मग सासर-माहेर? दोन्ही घरंच की! दोन्हीकडे कौलं, दोन्हीकडे सोलकढी. फरक एवढाच की माहेरी मी दुपारी बिनधास्त आडवी होते. म्हणजे उलटं घर नाही, माझं त्याच्याशी नातं उलटं.

मागीलदार: पटलं. उधाण-भांग पण घ्या. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. उलटं होतं ते पाण्याचं चढणं-उतरणं, समुद्र तोच.

खाडीकाठ: नातीला सगळं वाचून दाखवलं. तिचं उत्तर: "धारदार विळीचा विरुद्धार्थी बोथट विळी." विशेषण घुसवलंस, म्हटलं. ऐकते कुठे! तेवढ्यात आतून हाक आली, "विळी द्या आधी, बांगडे तसेच पडलेत."