हूड वासराला वळण कसं लावता? (अनुभव धागा)

२५ किलोच्या वासरानं मांडीला ढुशी दिली की पोरं खिदळतात. तेच खोंड दीड वर्षाचं होऊन तसंच अंगावर आलं की बाजार दाखवायची भाषा सुरू होते. वासरू खेळकर असावंच, पण धरणाऱ्याचा आबही त्यानं राखावा. त्यासाठी तुमच्याकडं काय करतात ते लिहा: वय, जात, दोर कसला, किती वेळ, कुठं फसतं. ‘प्रेमानं वागवा’ किंवा ‘दोन हाणा’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

सांगोला भाग, खिलार

खिलार मुळातच चपळ आणि तापट, त्यामुळं सुरुवात चुकली की पुढं जड जातं. पहिला नियम, कपाळ चोळायचं नाही. वासरं एकमेकांची ताकद डोक्याला डोकं लावूनच अजमावतात. आपण शिंगांच्या मधे हात ठेवला की ते ढकलतं, आपणही ढकलतो, आणि रोज टकरीचा सराव होतो. खाजवायचं तर पोळीखाली (गळ्याखाली लोंबणारी कातडी), वशिंडाच्या बुडाशी, शेपटीच्या मुळाशी. पोळीखाली खाजवलं की वासरू मान लांब करून वर धरतं, डोकं खाली घालत नाही. घरच्यांना आणि पाहुण्यांनाही हे बजावून ठेवा, कारण गोठ्यात आलेला प्रत्येक जण आधी कपाळालाच हात लावतो.

ढुशी आलीच तर मागं सरायचं नाही. आपण सरलो की ढुशी दिल्यावर माणूस हटतो हे त्याला कळलं. म्होरकीचा (डोक्या-तोंडाभोवती बांधायचा दोराचा साज) गालाकडचा दोर धरून तोंड त्याच्याच बरगडीकडं वळवायचं. मान वळलेली असताना त्याला जोर लावता येत नाही. ते थांबलं की छातीच्या पुढच्या टोकावर अंगठा दाबून ‘मागं’ म्हणायचं. पाय मागं पडला त्या क्षणी दाब सोडायचा. दोन-तीन पावलं पुरेत. हातात वेळूचा फोक असेल तर तो नाकापुढं आडवा धरायचा आणि त्यालाच नाक आपटू द्यायचं. तोंडावर मारलेलं वासरू पुढं हात दिसला तरी डोकं झटकतं आणि म्होरकी घालणं अवघड होऊन बसतं.

नगर जिल्हा, संकरित गायींचा गोठा

आमच्यासारख्या गोठ्यात ढुशीचं मूळ बादलीत असतं. गाईखाली पिणारं वासरू पान्हा फुटावा म्हणून कासेला ढुश्या देतं. बादली माणसाच्या हातात असली की त्याच ढुश्या गुडघ्यावर येतात. म्हणून निप्पलची बादली कठड्याला कडीत अडकवा, निप्पल जमिनीपासून साधारण ५०-६० सेंमीवर ठेवा आणि माणूस कठड्याबाहेर राहू द्या. बोट चोखवून पाजणं पहिल्या दोन-तीन वेळांपुरतंच. पुढंही बोट देत राहिलात तर ते सदरा, बाही, हात, जे मिळेल ते ओढतं.

दूध वजनाच्या किमान १० टक्के, म्हणजे ३० किलोच्या वासराला दिवसाला ३ लिटर, दोन वेळांत विभागून. यात काटकसर केली तर भुकेलं वासरू जास्तच अंगावर येतं आणि त्याला आपण मस्ती म्हणतो. दूध संपल्यावरही १०-१५ मिनिटं चोखायची ओढ राहते, तेव्हाच लगेच मूठभर काफ स्टार्टर (लहान वासरांचा खुराक) तोंडात द्या आणि पुढ्यात वाळलेला चारा टाका. नाहीतर ते शेजारच्या वासराचे कान आणि बेंबी चोखत बसतं.

उदगीर, देवणी

देवणी तशी शांत जात, पण दाव्याचा धडा लहानपणीच द्यावा लागतो. साधारण दोन महिन्यांचं झालं की आम्ही म्होरकी चढवतो. दोर मऊ सुती, बोटाएवढा जाड. नायलॉन नको, तो हात कापतो आणि वासराच्या गालालाही घासतो. नाकावरचा पट्टा डोळ्याच्या खाली आणि नाकपुडीच्या बराच वर, हाडावर यावा. खाली घसरला तर श्वास कोंडतो. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत आणि हे दर आठवड्याला बघायचं, कारण वासरू वाढतं, दोर वाढत नाही. नाकाच्या दांड्यात रुतलेल्या म्होरक्या बाजारात कितीतरी दिसतात.

आधी दोन दिवस नुसती म्होरकी. मग बांधायचं ते त्याच्या डोक्याच्या उंचीवर, पक्क्या खांबाला, दीड ते दोन फूट दोर मोकळा ठेवून. जास्त सोडला की पुढचा पाय दोरात अडकतो. गाठ एका झटक्यात सुटणारी हवी; गळ्यात सरकफास कधीच नको. पहिल्या दिवशी १५ मिनिटं. वासरू हिसके देतं, बसतं, लोळतं. माणूस जवळच हवा, पण हात लावायचा नाही. हिसका देताना सोडलं तर हिसक्यानं सुटका होते हेच ते शिकतं. म्हणून उभं राहून दोर सैल झाला की मगच सोडायचं.

चालवताना खरी गोम आहे. समोर उभं राहून ओढलं तर ते चारी पाय रोवतं. खांद्याच्या बाजूला उभं राहून थोडं तिरकं ओढायचं. तोल जातो आणि पाऊल आपोआप पडतं. पाऊल पडलं की दोर सैल. हे सैल करणं उशिरा झालं तर त्याला काहीच कळत नाही. तरीही रोवलेलंच राहिलं तर दुसरा दोर मांड्यांच्या मागून घेऊन पुढं आणायचा आणि दोन्ही एकाच वेळी हलके ओढायचे. दोर हाताला गुंडाळू नका, मोठ्या खोंडानं धाव घेतली तर बोटं जातात. माणसापुढं निघालं की थांबायचं, ‘हो’ म्हणायचं, दोन पावलं मागं घ्यायचं.

आणि हे सगळं करण्याआधी वासराला अर्धा तास मोकळं उंडारू द्या. दिवसभर दावणीला असलेल्या वासराकडून शिस्तीची अपेक्षा धरणं म्हणजे चेष्टाच.

इगतपुरीकडे, डांगी

आमची वासरं कळपातच मोठी होतात. फाजील वासराला पोक्त गाय शिंगाचा एक हिसका देते, आमचं अर्धं काम तिथंच होतं. गळ्यात लोढणं मात्र घालू नका. पळताना गुडघे सोलतात आणि वळण काहीच लागत नाही.

पशुवैद्यक

सगळ्यात धोक्याचं म्हणजे एकटं वाढवलेलं, बादलीवर पोसलेलं नर वासरू. ते माणसालाच आपल्या जातीचं समजतं आणि वयात आल्यावर माणसाशीच टक्कर घेतं. म्हणून पहिल्या आठवड्यांपासून जोडीला दुसरं वासरू ठेवा. पैदाशीसाठी ठेवायचं नसेल तर खच्चीकरण लांबवू नका. वेसण वर्ष-दीड वर्षाच्या आत नको. टोचल्यावर जखम भरेपर्यंत तिला ओढ देऊ नये, तोवर म्होरकीच वापरा. २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे वेसण, खच्चीकरण आणि शिंगं काढणं हे भूल देऊन, नोंदणीकृत पशुवैद्यकाकडूनच व्हायला हवं.

खेळ आणि धमकी वेगळी ओळखा. शेपटी वर, उड्या, मागच्या लाथा, तिरकी धाव हा खेळ. आडवं उभं राहून पूर्ण अंग दाखवणं, मान फुगवणं, हनुवटी आत घेणं, पायानं माती उकरणं, बांधाला शिंगं घासणं ही धमकी. तेव्हा पाठ फिरवू नका, नजर त्याच्यावर ठेवून तिरकं बाहेर पडा.

कोल्हापूर, म्हशी

रेडकू हळू शिकतं, पण शिकलेलं सोडत नाही. भर उन्हात घेतलं तर ते बसकण मारतं, म्हणून सकाळी लवकर किंवा डुंबून आल्यावर घ्या.

प्रश्न: १४ महिन्यांचा गोऱ्हा, खच्ची न केलेला, आतापर्यंत सगळ्यांनी लाडानं कपाळ चोळलेलं. आता काय?

सांगोला भाग, खिलार

कपाळाला हात आजपासून बंद, घरातल्या सगळ्यांचा. एकट्यानं गोठ्यात जायचं नाही, पोरं तर नाहीच. चारा-पाणी गव्हाणीपलीकडून द्या. खच्चीकरणासाठी डॉक्टरांना बोलवा. रग उतरायला त्यानंतरही काही आठवडे लागतात. तोवर हिंडवायचा असेल तर म्होरकीला दोन बाजूंनी दोन दोर लावून दोघांनी धरा, एकानं डावीकडून, एकानं उजवीकडून. आणि इतकं करूनही तो आडवा उभा राहून मान फुगवत असेल, तर बारकी पोरं असलेल्या घरी तो ठेवू नये.