झेडएफ: रोज गळ्यात अडकवायचा की कपाटात मिरवायचा?

साडेसहाची_लोकल

निकॉनचा झेडएफ कॅमेरा घेऊन आठ महिने झाले. २०२३ च्या सप्टेंबरात आला तेव्हाच डोक्यात बसला होता, पैसे जमायला वेळ लागला.

फोटोंबद्दल एक वाईट शब्द बोलणार नाही. पहाटे पाचला दादरच्या फूलबाजारात, बल्बच्या उजेडात, डोक्यावर शेवंतीचा गठ्ठा घेतलेला माणूस समोरून आला. गठ्ठ्याची सावली पार नाकापर्यंत, तरी फोकस बरोबर डोळ्यावर. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) १२८०० चा तो फोटो ए४ वर छापून भिंतीवर लावलाय. अंधारात काढलाय हे पाहुण्यांना सांगावं लागतं.

माझं दुखणं हाताचं आहे. बॉडी बॅटरी-कार्डासकट ७१० ग्रॅम आणि पुढून साबणाच्या वडीसारखी. ग्रिप म्हणून नावापुरता एक उंचवटा. त्यावर माझी २४-१२० एफ/४ झूम लेन्स. तासाभरात करंगळी बधिर. निकॉनचाच झेड६-२ सुद्धा ७०५ ग्रॅमचाच, पण त्याच्याभोवती मूठ वळते. इथे सगळा जोर चिमटीवर.

दुसरं म्हणजे डायल. दुपारी शटर १/१००० सेकंदावर ठेवून पोरांचं क्रिकेट काढलं आणि संध्याकाळी तसाच कॅमेरा भाचीच्या बारशाला नेला. ऑटो आयएसओ बिचारा चढत गेला, निम्मे फोटो रवाळ. वर शटर डायलखालचा कृष्णधवलचा खटका सरकला होता, त्यामुळे पहिल्या वीस फोटोंत तिचं गुलाबी झबलं करडं. चूक माझीच, मान्य. पण रोजच्या कॅमेऱ्याने माझा धांदरटपणा थोडा तरी गृहीत धरायला नको?

फोटोला दहापैकी नऊ, हाताळणीला पाच.

रिळवाली

तुमचं भांडण कॅमेऱ्याशी नाही, लेन्सशी आहे. २४-१२० एकटी ६३० ग्रॅम. म्हणजे गळ्यात सव्वा किलोच्या वर धोंडा बांधून फिरताय. त्याच बॉडीला ४० एफ/२ एसई लेन्स लावा, ती १७० ग्रॅमची, एकूण ८८०. मी तुळशीबाग आणि मंडई असा तीन-तीन तासांचा फेरफटका मारते, करंगळी शाबूत आहे.

आणि धरायची पद्धत. बाबांच्या एफएम२ ला, निकॉनच्या त्या जुन्या रिळाच्या कॅमेऱ्याला, कुठे ग्रिप होती? त्यांनी शिकवलं ते असं: वजन डाव्या तळहातावर, लेन्सच्या पोटाखाली. उजवा हात फक्त बटणाला. ग्रिपवाल्या कॅमेऱ्यांनी आपल्याला एका हाताने कॅमेरा लटकवायची सवय लावली.

बारशाचं म्हणाल तर कुठल्याही कॅमेऱ्यात एस मोडला (शटर आपण ठरवतो तो) १/१००० ठेवून विसरलात तर तेच होणार. इथे निदान कॅमेरा बंद असतानाही वरून आकडा दिसतो. तुम्ही बघितला नाहीत.

मांडवशूटर

ताई, एफएम२ ची बॉडी ५४० ग्रॅमची होती, हे बाबांना विचारा. 😄

आणि ‘वरून आकडा दिसतो’ हे अर्धंच खरं. ए मोडला (शटर कॅमेरा ठरवतो तो) टाका: डायल म्हणतोय १/२५०, आत कॅमेरा स्वतःच्या मर्जीने १/६० मारतोय. अ‍ॅपर्चरचं (लेन्स किती उघडायची त्याचं) तर विचारूच नका. बहुतेक झेड लेन्सना त्याची रिंगच नाही, आकडा वरच्या चण्याएवढ्या खिडकीत वाचायचा. शटर, आयएसओ, अ‍ॅपर्चर या तिघांपैकी दोघे जुन्या चालीचे आणि तिसरा नव्या. एफएम२ चा थाट आणायचा तर पूर्ण आणा की.

मी लग्नं काढतो. अंतरपाट खाली येतो तो एकदाच, परत धरा म्हणता येत नाही. निकॉनच्या झेड६-३ वर माझं यू१ (आधी साठवलेलं सेटिंग) मांडवाच्या आतलं, यू२ बाहेरच्या उन्हातलं. एक खटका, काम झालं. झेडएफला ती सोय नाही. दुसरं कार्ड मायक्रोएसडी, तेही संथ यूएचएस-१ जातीचं, बॅटरीच्या झाकणाआड, नखाने उचकटून काढायचं. दोन्ही कार्डांवर एकदम लिहायला लावलं की सलग फोटो त्या बारक्यापाशी अडतात. प्रोसेसर दोन्हींत तोच, एक्सपीड ७, म्हणून तर जास्त चिडचिड होते.

खिशातला

८८० ग्रॅमला ‘रोजचा’ म्हणता? माझा रिको जीआर-३ बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम. चालू द्या.

साडेसहाची_लोकल

@खिशातला, त्याला व्ह्यूफाइंडर नाही आणि मला उन्हात चष्म्यातून स्क्रीन दिसत नाही. विषय संपला.

रिळवाली

@मांडवशूटर, मला रोज कोण अंतरपाट धरून दाखवतंय? लग्नाचा कॅमेरा वेगळा, भाजी आणायला जाताना न्यायचा वेगळा. मायक्रोएसडीचं मान्य, मी ते कार्ड एकदा घातलंय ते अजून काढलेलं नाही. पण घाई असेल तेव्हा शटरचा डायल १/३ स्टेपवर आणि आयएसओचा सी वर ठेवा, मग हाही मागच्या-पुढच्या चक्रांवर चालतो, झेड६ सारखाच.

मांडवशूटर

मग डायलचे पैसे कशाला दिले?

रिळवाली

लिफ्ट आली म्हणून कोणी जिने पाडतं का?

आणि तो खटका सरकला म्हणून नावं ठेवू नका. व्ह्यूफाइंडरमधले रंग गेले की मंडईत टोमॅटोच्या ढिगाकडे डोळा जात नाही, तराजू पेललेल्या मनगटाकडे जातो. घरी येऊन रंग काढून टाकण्यात ती गंमत नाही. साडेसहा, रॉ (कच्ची फाइल) ठेवलं असतंत तर झबलं पुन्हा गुलाबी झालं असतं.

साडेसहाची_लोकल

जेपेग होते. जाऊ दे.

मित्राची ४० एफ/२ मागून रविवारी फिरलो. करंगळीबद्दल ताईंचं बरोबर निघालं, हाताळणीला पाचाचे सहा करतो. डायल आता १/३ स्टेपवरच. पण लोकलमध्ये उभा असतो तेव्हा एक हात वरच्या कडीला अडकलेला, लेन्सच्या पोटाखाली धरायला दुसरा तळहात कुठून आणू? वेगळी विकत मिळते ती ग्रिप मागवली आहे.

रिळवाली

ती लावल्यावर फोटो टाका. काढलेला नाही, कॅमेऱ्याचाच. बघवतो का बघू.

मांडवशूटर

ती २४-१२० विकायची असेल तर आधी मला सांगा.