सोसायटीच्या ग्रुपवर, शनिवारच्या पिक्चरबद्दल

ए-४०२: नमस्कार मंडळी. शनिवारी हॉलमध्ये लावायला एक डॉक्युमेंटरी सुचवतेय. ‘द डेव्हिल अँड डॅनियल जॉन्स्टन’, २००५ सालची. डॅनियल हा अमेरिकेतला गायक, टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या मॅकडोनाल्ड्समध्ये कामाला होता. घरी टेप केलेल्या कॅसेट भेटेल त्याच्या हातात ठेवायचा. पुढे निर्वाणा या रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन याने त्याच्या कॅसेटवरच्या चित्राचा टीशर्ट घातला, तेव्हा जगभर नाव झालं. त्याला बायपोलर (मन कधी अतिउत्साहात, कधी खोल उदासीत) आणि स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होतात तो) असे मानसिक आजार होते.

बी-१०३: ताई, शनिवारी पोरंटोरं असतात. काहीतरी हलकंफुलकं लावा ना.

ए-४०२: काका, पोरांसाठी पुढच्या शनिवारी नक्की लावू. पण हे मोठ्यांनी बघायलाच हवं. १९९० मध्ये ऑस्टिनचा कार्यक्रम करून बापलेक छोट्या विमानाने घरी निघाले. वडील एअर फोर्समधले जुने पायलट, विमान तेच चालवत होते. मुलाच्या मनाने घेतलं की आपण कार्टूनमधलं कॅस्पर भूत आहोत. त्याने चावी काढून बाहेर फेकली. वडिलांनी बंद विमान झाडांवर उतरवलं, दोघंही वाचले. पिक्चरमध्ये इतक्या वर्षांनी ते सांगताना वडिलांना रडू आवरत नाही. चाळिशी ओलांडलेला मुलगा तेव्हाही त्यांच्याच घरात. मला त्या मुलापेक्षा त्याचे आईवडील जास्त लक्षात राहिले.

सी-२०१: कलाकार म्हटला की थोडा चक्रम असायचाच. त्याशिवाय अशी गाणी सुचतात का!

बी-५०४: दादा, हे मला नाही पटत. माझा धाकटा भाऊ पेटी वाजवतो, त्यालाही बायपोलर आहे. आजार उसळला की महिना महिना पेटीला हात लावत नाही. गोळ्या नीट चालू असल्या की गुरुवारी भजनाला साथ करतो, आणि काय सुंदर करतो! सूर त्याचे आहेत, आजाराचे नाहीत. लिथियम नावाचं औषध चालू आहे, त्यामुळे ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. थायरॉइड आणि किडनीही बघतात. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, म्हणून मे महिन्यात आई सारखी पाण्याची बाटली घेऊन त्याच्या मागे. तिला आता नीट दिसत नाही. रात्री गोळ्यांच्या डबीचा त्या दिवसाचा खण बोटाने चाचपून बघते, रिकामा झालाय ना. तिच्यानंतर हे कोण करणार, हाच घोर आहे तिला.

सी-२०१: ताई, हे माहीत नव्हतं. काही लागलं तर हक्काने सांगा.

ए-३०१: मेडिक्लेममध्ये बसतं का हे?

ए-४०२: हो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की शारीरिक आजारांसारखाच मानसिक आजारांनाही विमा द्यायचा. आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सेव्ह करून ठेवा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

बी-१०३: ठीक आहे, पण नऊनंतर लावा. तोवर पोरं घरी जातील.

सेक्रेटरी: नऊ वाजता. प्रोजेक्टर मी आणतो.

ए-४०२: चालेल. पिक्चर संपल्यावर अर्धा तास थांबा प्लीज. घरात कुणी असं आजारी असेल आणि सांभाळणारे थकले असतील, तर रात्री-अपरात्री कुणाची बेल वाजवायची, हे मजल्यागणिक ठरवायचंय. आजाऱ्याच्या घरच्यांना विचारूनच, उगाच चौकशा नकोत.

बी-५०४: आमच्या मजल्यासाठी माझं नाव घ्या.

सेक्रेटरी: बाकीच्या मजल्यांची नावं मला पर्सनलवर पाठवा, ग्रुपवर नको.