मदत हवी आहे: ई-९० बीएमडब्ल्यूत पंखा फुल केला की जळका वास, फ्यूज मात्र शाबूत

गाडी बीएमडब्ल्यू ३२५आय (३ सिरीज, ई-९० ही तिची पिढी), २००८, एन५२ पेट्रोल इंजिन. एसीचा पंखा फुलवर ठेवून दहा-पंधरा मिनिटं चालवली की वायर जळल्यासारखा वास येतो. पंखा निम्म्यावर आणला की ओसरतो. धूर नाही, डॅशवर दिवा नाही, स्कॅनरवर कोड नाही, एकही फ्यूज उडालेला नाही. गॅरेजवाले पूर्ण डॅश उतरवून वायरिंग बदलायचं म्हणतात. त्याआधी मल्टीमीटरने काय तपासता येईल?

तपकिरी_वायर:
डॅशला हात लावू नका अजून. निदान होईपर्यंत पंखा निम्म्याच्या वर नेऊ नका, गाडी इमारतीखाली लावू नका आणि पावडरचा छोटा अग्निशामक डिकीत नाही, सीटजवळ ठेवा.

फ्यूज उडाला नाही म्हणजे वायरिंग ठीक, असं धरून चालू नका. करंट प्रमाणाबाहेर वाढला तरच फ्यूज उडतो. सैल किंवा काळ्या पडलेल्या पिनेत रोध वाढतो, त्याने करंट झालाच तर थोडा कमी होतो, आणि सगळी उष्णता त्या एका पिनेवर निघते. ४० अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. पंखा फिरतोय म्हणून स्कॅनरही गप्प.

अमेरिकेत नोव्हेंबर २०१७ मध्ये ३ सिरीजच्या २००६ ते २०११ च्या गाड्यांचा रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघाला, तो एसीच्या पंख्याची वायरिंग आणि प्लग तापतात याच कारणासाठी. त्याच वेळी सहा सिलिंडर इंजिनांच्या पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ बाहेर काढणारा झडप) हीटरचाही वेगळा रिकॉल होता. चॅसी नंबर देऊन अधिकृत डीलरकडे दोन्हींची चौकशी करा.

हेडगॅस्केट:
वास विजेचाच आहे ना, ते आधी पक्कं करा. एन५२ चं व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं सील) वय झालं की गळतं, तेल गरम एक्झॉस्टवर पडतं आणि काचेखालच्या जाळीतून वास आत ओढला जातो. पंखा जोरात तर वासही जास्त, त्यामुळे हमखास फसगत होते. रिसर्क्युलेशन (बाहेरची हवा बंद, आतलीच फिरते) लावून बघा. वास गेला तर उगम बॉनेटखाली, राहिला तर डॅशखाली. तेलाचा वास जड, तेलकट असतो. प्लॅस्टिक जळल्याचा उग्र, थोडा मासळीकडे झुकणारा.

सोल्डरगन:
एवढा व्याप कशाला? प्लग कापा, वायरी सरळ सोल्डर करा, ५० चा फ्यूज टाका.

तपकिरी_वायर:
फ्यूज अजिबात वाढवू नका. तो वायरीच्या जाडीवर ठरलेला असतो. सोल्डरचंही तेच. जोड तापला की सोल्डर मऊ पडतं, आणि सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन धक्क्यांनी तुटते.

मूळ प्रश्नाकडे. रिसर्क्युलेशनमध्येही वास राहिला तर दोन संशयित: पंख्याचा रेग्युलेटर आणि पंख्याचा प्लग. जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर मधल्या वेगांवर जास्त तापतो, फुलवर कमी. तुमचं उलट आहे, म्हणून माझा कल प्लगकडे.

इंजिन चालू, पंखा फुल, दहा मिनिटं जाऊ द्या. मग प्लग न काढता, मागच्या बाजूने वायरीलगत बारीक प्रोब सरकवा. इन्सुलेशनला भोक पाडू नका. चार मोजमापं घ्या: बॉनेटखालच्या जंपर टर्मिनलवरचे (बॅटरीला जोडलेली टोकं) व्होल्ट, प्लगच्या दोन जाड पिनांमधले, जंपर प्लस ते प्लगची प्लस पिन, आणि अर्थची पिन ते बॉडीचा उघडा धातू. करंटसाठी डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून मोजणारा) लागेल. फक्त घरातल्या विजेचा एसी करंट मोजणारा स्वस्त क्लॅम्प इथे शून्यच दाखवेल. डॅशखालचे पिवळे प्लग एअरबॅगचे आहेत, त्यांना हात नको.

धागाकर्ता:
रिसर्क्युलेशनमध्ये वास तसाच. जंपरवर १३.८, प्लगवर ११.९. प्लस बाजूला ०.२, अर्थ बाजूला १.७. करंट २२ अँपिअर. अर्थच्या पिनेपासून वीतभर मागे वायरीवर मोजलं तर बॉडीपर्यंत फक्त ०.२.

तपकिरी_वायर:
सापडलं मग. अर्थ बाजूच्या १.७ पैकी १.५ व्होल्ट त्या पिनेतच पडतायत. १.५ गुणिले २२ म्हणजे ३३ वॅट. साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते.

बॅटरी डिकीत उजवीकडे आहे. गाडी बंद करून, दारं मिटून तिची इलेक्ट्रॉनिक्स वीसेक मिनिटं झोपू द्या, मग आधी निगेटिव्ह काढा. बॅटरी सुटलेली असताना डिकी बंद करू नका, तिचं कुलूप विजेवर चालतं. प्लग काढल्यावर अर्थच्या, म्हणजे तपकिरी वायरीच्या पिनेभोवतीचं प्लॅस्टिक पिवळट किंवा फुगलेलं दिसेल. तांबं चकचकीत दिसेपर्यंत वायर मागे कापा. काळं तांबं क्रिम्प (दाबून केलेला जोड) धरत नाही. तेवढ्याच जाडीचा तुकडा, योग्य मापाचे टर्मिनल, नीट क्रिम्प, वर गोंदवाली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). प्लगचं घर नवंच घ्या. आणि समोरची, मोटरच्या बाजूची पिनही भाजलेली असणार. ती तशीच ठेवली तर नवी पिन काही महिन्यांत पुन्हा जळेल.

हेडगॅस्केट:
मोटरही हाताने फिरवून बघा. अडखळत असेल, कुरकुरत असेल तर बेअरिंग सुकलंय, ती करंट जास्त ओढतेय. मग मोटर आणि प्लग एकदमच बदला. काचेखालची पानं काढा, तिथलं पाणी पंख्याकडे जातं. याच पिढीच्या सेडानमध्ये मागच्या दिव्याच्या प्लगमधली अर्थची पिनही अशीच जळते. डिकी उघडलीच आहे तर तोही प्लग काढून बघा.

धागाकर्ता:
मोटरच्या बाजूची पिन काळी आहे, फिरवताना कुरकुरही आहे. मोटर आणि प्लग दोन्ही मागवतो. बसवल्यावर कोणते आकडे यायला हवेत?

तपकिरी_वायर:
पंखा फुलवर दहा मिनिटं, मग अर्थ बाजूला ०.२ व्होल्टच्या आत. पिनेच्या अलीकडे-पलीकडे फरक जवळपास शून्य. करंट २२ पेक्षा वर जाता कामा नये.